खळीचा खडा

चौथा आवाज झाला आणि आम्ही पाचव्याची वाट बघत बसलो.

विहिरीतून धूर वर चढत होता. दगडाच्या कपच्या बाभळीच्या फांद्यांतून सळसळत खाली पडल्या. आम्ही बायका ओढ्याच्या पलीकडे, रिकाम्या पाट्या डोक्यावर पालथ्या धरून बसलो होतो. पुरुष अलीकडच्या बांधाआड होते. सुरुंग उडायला लागले की सगळ्यांनी मिळून मोठ्यानं मोजायचं, अशी आमच्या टोळीची रीत होती. एक, दोन, तीन, चार. भोकं पाच होती. सकाळपासून पहारी मारून पुरुषांनी ती पाडली होती, त्यांत दारू ठासली होती, वाती लावल्या होत्या.

"पाच" म्हणायला सगळ्यांची तोंडं उघडी होती. ती तशीच राहिली.

"ऱ्हायला एक," बांधाआडून भानाचा आवाज आला.

हौसानं डोक्यावरची पाटी काढून मांडीवर घेतली. "आता गं, केरा?"

"आता काय. भाकरी खायाची," मी म्हणाले.

तोच नियम होता. सुरुंग फुटायचा राहिला तर लगेच काठाजवळ जायचं नाही. वात आत धुमसत असते, कधी पेट घेईल सांगता येत नाही. म्हणून आधी सगळ्यांनी जेवून घ्यायचं, निवांत पाणी प्यायचं, पान-तंबाखू करायचं, आणि मग एकानं खाली उतरून त्या भोकात पाणी ओतायचं आणि भिजलेली दारू उकरून काढायची. त्या एकाचं नाव जेवण होईपर्यंत कुणी काढायचं नाही.

ही टोळी माझ्या सासऱ्यांची, म्हाळाप्पा मुकादमांची. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मंगळवेढ्यापासून जतपर्यंतच्या काळ्या खडकात त्यांनी किती विहिरी उतरवल्या त्याची गणती त्यांनाही नव्हती. माझा नवरा शिदू त्यांचा एकुलता एक. गेनू त्यांच्या बहिणीचा मुलगा, लहानपणापासून मामांच्याच घरात वाढलेला. शिदू आणि गेनू एका ताटात जेवायचे, एकमेकांचे सदरे घालायचे. हौसा ही गेनूची बायको. आम्हा दोघींची लग्नं एकाच मांडवात लागली होती.

लग्नानंतर पाचपरतावण उरकलं की आमच्यात नवरीला नदीवर नेत. पूजेला नाही, खडा उचलायला. टोळीत जेवढे उतरणारे पुरुष तेवढे खडे मामांच्या मांजरपाटाच्या पिशवीत असायचे. सुरुंगाला बत्ती द्यायला खाली कोण उतरणार, हे तो खडा ठरवायचा. मामा न बघता पिशवीत हात घालायचे, एक खडा काढायचे. ज्याचा निघाला तो उतरला. नवऱ्याचा खडा बायकोनं निवडायचा, सुपारीएवढा, काळपट, गुळगुळीत. त्यावर गेरूनं खूण करायची, म्हणजे बाहेर आल्यावर कुणाचा ते कळावं. ती खूण दर खंडेनवमीला, पहारी आणि घण पुजताना, नव्यानं काढायची.

माण नदीच्या वाळवंटात हौसानं पहिलाच हाताला आलेला खडा उचलला आणि मोकळी झाली. मी मात्र फिरत राहिले. मग मला एक सापडला. त्याच्या एका बाजूला बारीक खळी होती, अंगठा टेकवला की बरोबर बसावा अशी. लहान पोराच्या गालासारखी. मी तो मामांच्या हातावर ठेवला.

मामांनी तो बोटांत फिरवला. "दुसरा बग, पोरी. ह्येला खळ हाय."

"ह्योच आवडला मला," मी म्हणाले. चौदा-पंधराची होते. सासऱ्यापुढं बोलू नये हेही नीट कळत नव्हतं.

गेनू हसला. "ऱ्हाऊ द्या मामा. नवरा तर तुमीच निवडून दिलाय. खडा तरी तिच्या मर्जीचा आसू द्या."

मामाही हसले. त्यांनी खडा पिशवीत टाकला.

पाचवा सुरुंग राहिला त्या दिवशी विहिरीवर आम्ही भाकरी खाल्ली. कांदा होता, लाल चटणी होती. मला सातवा महिना होता, वाकून बसता येत नव्हतं. हौसानं माझी भाकरी कुस्करून हातात दिली. पुरुष विहिरीकडे पाठ करून जेवत होते.

जेवण झालं तसा भाना म्हणाला, "मामा, आज ऱ्हाऊ दे की. उद्या बगू."

"आन् रातीला कुणाचं जनावर गेलं म्हंजी? कुणाचं पोर डोकावलं म्हंजी?"

"मंग मला तरी वगळा. सकाळी मीच उतरलोय बत्ती द्यायला."

"खड्याला सकाळ ठावं न्हाई, भाना."

हा वाद जुना होता. पाळी लावा, आज ह्याची, उद्या त्याची, असं नवा गडी आला की म्हणायचाच. मामा त्याला सांगायचे, लावून बघितलीय पाळी. माझ्या बापाच्या टोळीत पाळीच होती. ज्याची पाळी उद्या, तो आज झोपत नाही. सकाळी त्याचा हात कापतो आणि बत्ती देताना हात कापला की माणूस जातो. कुणाला नेमका पाळीच्या दिवशी ताप येतो. मग त्याच्या जागी जो उतरतो त्याची बायको ह्याच्या बायकोशी बोलत नाही. आणि पाळी नाही लावली, मी बोट दाखवलं, तर मेलेला माणूस माझ्या बोटानं मेला. खडा कुणाचा सोयरा नाही. त्याला कुणाचं पोर लहान, कुणाची आई म्हातारी, काही दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच त्याचं ऐकायचं.

देवाचं नाव घेऊन काढा, असं एकदा हौसा म्हणाली होती. मामांनी तिला थांबवलं होतं. "देवाला मधी घेऊ नगो. आळ त्येच्यावर जातो."

मामा उकिडवे बसले. पिशवी गुडघ्यावर घेतली. पुरुष भोवती बसले. मी आणि हौसा कळशी घेऊन मागं उभ्या होतो, कारण ज्याचा निघेल त्याला पाण्याची कळशी बायकांनी द्यायची असे.

मामा खडा काढायचे ते चंचीतून तंबाखू काढावा इतक्या सहज. डोळे लांब कुठंतरी, हात आत गेला की बाहेर. त्या दिवशी हात आत गेला आणि राहिला.

मामा समोरच्या माळाकडे बघत होते. मग बघायचे थांबले. त्यांनी डोळे मिटले. पिशवीचं कापड हललं, थांबलं, पुन्हा हललं. कुणीतरी खाकरलं. हौसा माझ्या कानाशी म्हणाली, "म्हातारा आज देवाला आळवतोय वाटतं."

हात बाहेर आला. मूठ उघडली. खड्यावर गेरूच्या दोन रेघा होत्या.

शिदूच्या खड्यावर फुली होती. दोन रेघा गेनूच्या.

माझ्या पोटातलं पोर हललं. मी मोठ्यानं श्वास सोडला. तो हौसाला ऐकू गेला असणार, पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती कळशीला दोर बांधायला लागली.

गेनू उठला. धोतराचा काचा मारला. "वैनी, माझ्या वाटणीचा कांदा ऱ्हायलाय. शिदूच्या हाताला लागू दिऊ नका."

"खाऊन जा की मग," शिदू म्हणाला.

"आल्यावर खातो. तवर वास घे."

हौसा म्हणाली, "हात धुतलं का? चटणीच्या हातानं डोळं चोळाल तितं."

"धुतो की. खाली पाणीच घिऊन चाललोय."

तो उतरला. आम्ही ओढ्याकडे निघालो, पण हौसा मध्येच बाभळीपाशी थांबली, म्हणून मीही थांबले. कळशीचा दोर शिदूच्या हातात होता. त्यानं तो बांधाआडून सोडत नेला. खालून गेनूचा आवाज आला, विहिरीत घुमतो तसा, "लई गार हाय हितं. मामा, उन्हाळाभर म्या हितंच ऱ्हातो. भाकरी तेवढी सोडत जावा."

शिदू हसला. भानाही हसला. मग दोर ढिला पडला, म्हणजे कळशी पोचली.

मग पाचवा आवाज झाला.

तो कुणीच मोजला नाही.

त्यानंतरचं मी लिहीत नाही. शिदूनं त्याला वर आणलं. हौसाला आम्ही धरून ठेवलं होतं. मामा त्याच जागी उकिडवे बसून होते, पिशवी हातात. त्यांना उठवायला दोघं लागले.

दहाव्याला हौसाचा भाऊ तिला न्यायला आला. सिद्राम त्याचं नाव, सांगोल्याकडे हमाली करायचा, अंगानं दांडगा. तो मामांसमोर उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सोताचा पोरगा वर ठिवला आन् भाच्याला खाली घातला. बरा मुकादम हायेस."

शिदू पुढं झाला, पण त्याच्याआधी हौसा उठली. दहा दिवसांत ती बोलली नव्हती.

"दादा, असं बोलू नगो. कुणी घातलं न्हाई त्यास्नी. खडा निघाला."

"काढला कुणी खडा?"

"हातानं काढला. हाताला काय दिसतंय? भाऊजींचा निघाला आसता तर ते गेलं आसतं. भानाचा निघाला आसता तर भाना." तिचा आवाज फाटत होता. "कुणी धाडलं आसतं न्हवं, तर मी तेला जित्ता सोडला नसता. कुणी धाडलं न्हाई म्हणून मला बसवतंय हितं."

"चल तू माझ्यासंगं."

"न्हाई येत. हितं सगळी माझीच हाईत."

सिद्राम गेला. हौसा टोळीत राहिली.

तिची आणि माझी पाटी पुन्हा एका रांगेत चालायला लागली. मला मुलगी झाली. ती मांडीवर कमी आणि हौसाच्या काखेत जास्त वाढली. हौसानं दुसरं घर केलं नाही. तिला विचारणारे होते, आमच्यात त्याला बंदीही नव्हती. ती म्हणायची, बघू. ते बघणं कधी झालं नाही.

गेनूचा खडा पिशवीतच राहिला, मेलेल्याचा खडा काढून टाकायचा नाही अशी रीत होती म्हणून. फक्त त्याची खूण पुढच्या खंडेनवमीला काढायची नाही. गेरू पुसून गेला आणि तो खडा बिनखुणेचा झाला. पुढं कधी कधी मामांच्या हातात तो यायचा. मूठ उघडली की कोरा खडा. मग मामा डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवायचे, कुणी काही बोलायचं नाही, आणि त्या दिवशी सुरुंग उडवायचा नाही. सगळ्यांना सुट्टी.

हौसा त्या दिवशी चुलीवर गुळाचा चहा ठेवायची. म्हणायची, "आज आमच्या मालकांनी तुमास्नी घरी बसवलंय. प्या गुमान." आणि चहा पहिल्यांदा मामांना नेऊन द्यायची. मामा कप हातात धरून ठेवायचे. पुष्कळदा तो तसाच निवायचा. आम्हाला वाटायचं, भाच्याची आठवण येते.

पुढं दगड फोडायची यंत्रं आली, ट्रॅक्टरवर बसवलेली. आमची टोळी विखुरली. आम्ही पंढरपूरच्या रस्त्याला एका गावाबाहेर पत्र्याची घरं घातली. शिदूच्या छातीत दगडाची भुकटी बसली होती, तो खोकत बसायचा, त्यातूनच रस्त्याच्या कामाला जायचा. हौसा शेजारच्या खोलीत. संध्याकाळी गावच्या शाळेत बायकांचा वर्ग भरायचा, तिथं आम्ही दोघी जायचो. तिला अक्षर लवकर आलं. मला उशिरा आलं, पण राहिलं. पिशवी मामांच्या उशाशी खुंटीला टांगलेली असायची. तिच्यात कुणी हात घालत नव्हतं.

मामा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं हौसानंच केलं. मला कामाला जावं लागायचं. ती त्यांना पुसायची, कूस वळवायची, पेज भरवायची. त्या दिवसांत मामा चिडायला लागले. तिनं चमचा तोंडाशी नेला की तोंड फिरवायचे.

एका दुपारी ती धुणं घेऊन पाटावर गेली होती. मामांनी मला हाक मारली.

"केरा, तिला सांग. येत जाऊ नगो म्हणावं."

"का? काय केलं तिनं?"

"काय केलं न्हाई. म्हणूनच."

मी जवळ बसले. त्यांचे हात पांघरुणावर होते. नखं झिजलेली, बोटांची पेरं दगडासारखी. ती बोटं एकमेकांवर चोळत ते म्हणाले, "तुझा खडा लागला हुता."

मला कळलं नाही. "कसला खडा?"

"त्या रोजी. पाचवा ऱ्हायला तवा. हात घातला आन् तुझाच लागला. खळीचा. अंगठा बरोबर बसला त्येच्यात."

बाहेर शिदू खोकत होता. मी त्याचा खोकला थांबायची वाट बघितली.

"येरव्ही बी लागायचा," मामा म्हणाले. "बोटाला कळायचं, ह्यो शिदूचा. तरी काढायचो. धा येळा काढलाय. बत्ती द्यायला शिदू उतरलाय, तुला ठावं हाय. पर त्या रोजी तू म्होरं हुबी हुतीस. प्वाट घिऊन."

"मागं हुते मी, मामा."

"मला म्होरंच दिसत हुतीस." त्यांनी अंगठा बोटावर टेकवला. "सोडला मी त्यो. बाजूला सारला. दुसरा काढला."

"दुसरा कुणाचा, ते ठावं नव्हतं न्हवं तुमास्नी?" मी विचारलं. मला ते विचारायची घाई झाली होती. "गेनूभाऊजींचा म्हणून न्हाई काढला तुमी. कुणाचाबी निघाला आसता."

मामांनी मान हलवली, लहान पोराला समजावताना हलवावी तशी.

"पैला सोडला की म्होरचा खडा ऱ्हात न्हाई, केरा. त्यो मी धाडलेला माणूस."

पाटावरून हौसाच्या धुण्याचा धप्प धप्प आवाज येत होता.

"नदीवर म्हणलं हुतं तुला, दुसरा बग," ते म्हणाले. आणि मग लगेच, "तुझं काय न्हाई त्यात. मीच टाकला पिशवीत. हासलो आन् टाकला."

हे तिला सांग असंही ते म्हणाले नाहीत, सांगू नगो असंही नाही. संध्याकाळी हौसानं पेज आणली तेव्हा त्यांनी निमूट तोंड उघडलं. आठवडाभरात गेले. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं.

शिदूला मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? तू जगलास ते असं जगलास? तो रात्रंदिवस छातीवर हात दाबून बसलेला माणूस. त्याचं जगणं त्याला तसंही महाग पडलेलं होतं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. मग एका सकाळी हौसा माझ्या दारात आली. केस धुतलेले, हातात काही नाही.

"केरा, पिशवी दे की जरा."

"कशाला गं?"

"त्यांचा खडा न्यावा म्हणते. मामा हुते तवर मागायला बरं न्हवतं वाटत. आता पिशवी कुणाच्या कामाची?"

मी खुंटीवरची पिशवी काढली. खोटं सांगता आलं असतं, उंदरांनी कातरली, मामांबरोबर गेली. पण तिनं कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी पिशवी तिच्या हातात दिली. शिदू दाराबाहेर उन्हाला बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

हौसानं पदर पसरला आणि पिशवी त्यावर उलटी केली.

खडे पदरात पडले. गेरूची एकही खूण उरली नव्हती. किती वर्षं कुणी खंडेनवमी केली नव्हती. फुल्या, रेघा, ठिपके, सगळं झडून गेलं होतं. सगळे सारखे काळपट, सगळे कोरे.

"अगं बया," हौसा म्हणाली. "समदेच ह्यांच्यासारखे झाले की."

ती एकेक उचलून बोटांत फिरवायला लागली. तिच्या कपाळावर आठी होती, वर्गात अवघड जोडाक्षर आलं की असायची तशी. एक ठेवला. दुसरा ठेवला. मग तिच्या हातात तो आला. तिचा अंगठा त्यावरून गेला आणि खळीत बसला.

"ह्यो तुझा. न्हवं?"

"व्हय."

"नदीवर हट्ट केलावतास." ती हसली. तिनं अंगठा काढला, पुन्हा टेकवला. "बोटाला लगीच कळतोय गं."

बोलायला हवं होतं, काहीही. चहा ठेवू का, एवढं तरी. हौसानं डोळे मिटले आणि अंगठा पुन्हा एकदा खळीवरून फिरवला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं थांबलं.

"त्या रोजी मामांचा हात लई येळ आत हुता."

"व्हय."

"मी म्हणलं, देवाला आळवतोय." ती खड्याकडे बघत होती. "देवाला मधी घेऊ नगो म्हणणारा माणूस."

बाहेर शिदूला खोकल्याची उबळ आली. आम्ही दोघींनी ती ऐकली, सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत.

"तुला ठावं हुतं?"

"जायच्या आधी सांगितलं त्यांनी. त्याआधी न्हाई, हौसा. आईशप्पथ न्हाई."

"मंग पिशवी का दिलीस?"

"तू मागितलीस."

तिनं मान डोलावली, जणू ते उत्तर पुरेसं होतं. खडे पदरात, पाठ भिंतीला. मला वाटलं आता ती ओरडेल. मला ती ओरडायला हवी होती. बाहेर जाऊन शिदूच्या पुढ्यात उभी राहिली असती तरी मी अडवलं नसतं.

"दादाला काय म्हणले मी, ठावं हाय न्हवं?" ती हळूच म्हणाली. "कुणी धाडलं न्हाई म्हणले. आईला त्येच सांगितलं. आई मेली त्येच ऐकून. लोक इचारायचे, कसा गेला गं नवरा? मी म्हणायची, खडा निघाला. बास. म्होरं कुणी इचारायचं न्हाई. मलाबी म्होरं काय इचारावं लागायचं न्हाई." तिनं पदरातले खडे चाचपले. "आता कुणाला इचारू? ज्येला इचारायचं त्येला काल-परवा मीच आंघूळ घातली."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही आणि धरलाही नाही.

मग तिनं खडे एकेक करून पिशवीत भरले. खळीचाही भरला. पिशवीचं तोंड मुठीत धरून खूप हलवली, भुईमुगाच्या शेंगा झाडाव्यात तशी. आणि माझ्यापुढं धरली.

"काढ."

"काय?"

"एक काढ. ह्यांचा म्हणून ठिवीन. कुठला त्यांचा, ते आता कुणालाच कळायचं न्हाई. तू काढ."

"तूच काढ की, हौसा."

"मी न्हाई. मला आता खळ ठावं झाली."

"ती मलाबी ठावं हाय."

"व्हय," ती म्हणाली. "म्हणूनच तू."

मी पिशवीत हात घातला. आत गार होतं. बोटं पुढं गेली आणि पहिल्याच खड्याला टेकली. अंगठा आपोआप त्यावर आला आणि बसला.

दाराबाहेर शिदूची पाठ दिसत होती. सदरा घामानं चिकटलेला, त्यातून मणके मोजता येत होते. त्याच्या जवळच माझी नात मातीत खेळत होती. त्या दिवशी पोटात हललेल्या पोरीची पोर. मामांचा हात त्या दिवशी का थांबला, ते मला सांगितल्यावरही कळलं नव्हतं. आता कळलं. माझाही थांबला. जितका त्यांचा थांबला होता, तितकाच थांबला असेल. बाजूचे खडे बोटांना लागत होते, गुळगुळीत, कुणाचेही. एक सारायचा आणि दुसरा काढायचा, एवढंच होतं. जित्या नवऱ्याचा खडा मेलेल्याचा म्हणून हातानं काढून द्यायचा कसा?

हौसा माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. पिशवीच्या कापडाकडे बघत होती.

मी मूठ मिटली आणि हात बाहेर काढला.

खडा तिच्या तळहातावर ठेवला. खळी वर होती. तिनं ती पाहिली, मग मला पाहिलं.

"पैला लागला त्योच काढला," मी म्हणाले.

आम्ही दोघी तिथंच बसून रडलो, आवाज न करता, बाहेर शिदूला ऐकू जाऊ नये म्हणून. मग तिनं डोळे पुसले, खडा पदराच्या टोकाला बांधला, गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"गुळाचा च्या ठिवते," ती म्हणाली. "भाऊजींनाबी दे नेऊन."

ती गाठ पुढं तिच्या प्रत्येक लुगड्याला असायची. लुगडं बदललं की खडा नव्या पदरात जायचा. शिदू गेला तेव्हा तिनं मला विचारलं, हा परत हवा का? मी नको म्हणाले. हौसा गेली तेव्हा मी तो तिच्याबरोबरच जाऊ दिला.

बाकीचे खडे माझ्याकडे आहेत. त्याच पिशवीत, खुंटीला. कधीतरी दुपारी मी हात घालून बसते. त्यातला एक गेनूचा आहे. सगळे गुळगुळीत आहेत, एकासारखा दुसरा. कुठला त्याचा, ते बोटांना कळत नाही.